पेनेम्युंडेच्या पाटीवर काय लिहायचं? (रॉकेट प्रदर्शनासाठी मदत हवी आहे)

शलाका_न

आमच्या आकाशप्रेमी गटातर्फे दिवाळीच्या सुट्टीत शाळकरी मुलांसाठी रॉकेटच्या इतिहासाचं प्रदर्शन करतोय. त्सिओल्कोव्हस्की, गॉडर्ड, थुंबा (केरळातला आपला पहिला रॉकेट तळ) या पाट्या लिहून झाल्या. गाडं अडलंय ते पेनेम्युंडेपाशी.

३ ऑक्टोबर १९४२ ला जर्मनीच्या बाल्टिक किनाऱ्यावरच्या उझेडोम बेटाच्या उत्तर टोकावरून, म्हणजे पेनेम्युंडेच्या तळावरून, ए-४ रॉकेट उडालं. ते ८० किलोमीटरच्याही वर गेलं आणि साधारण १९० किलोमीटर अंतरावर समुद्रात पडलं. पुढे जग त्याला व्ही-२ म्हणून ओळखू लागलं. चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न-५ चा कर्ताधर्ता व्हेर्नर फॉन ब्राउन याच तळावरचा.

गटात दोन तट पडलेत. काही जण म्हणतात, मुलांचं प्रदर्शन आहे, विज्ञान सांगा, युद्धाचं कशाला उगाळायचं? बाकीचे म्हणतात, ज्या कैद्यांकडून ही रॉकेटं बनवून घेतली त्यांचा उल्लेख नसेल तर पाटीच लावू नका. मी दुसऱ्या तटातली. पण पाटी दीडशे शब्दांची आणि वाचणारी मुलं सहावी ते नववीची. तुम्ही काय ठेवाल, काय गाळाल?

टिळकरोड

विषय उत्तम. बसतो पुढच्या रांगेत.

जुना_फिटर

शलाकाताई, आधी यंत्राबद्दल लिहितो, कारण ते नीट सांगितलं नाही तर मुलांना पुढचं काहीच कळणार नाही.

ए-४ ची लांबी १४ मीटर, भरलेलं वजन साडेबारा-तेरा टन. त्यातला स्फोटकाचा शेंडा सुमारे एक टनाचा. इंधन म्हणजे तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग पाणी, जोडीला द्रवरूप ऑक्सिजन. अल्कोहोल मुख्यतः बटाट्यापासून काढलेलं. हे दोन्ही ज्वलनकक्षात सेकंदाला सव्वाशे किलोच्या आसपास पोहोचवायचे. नुसत्या टाकीतल्या दाबावर ते होत नाही, म्हणून वाफेवर फिरणारा टर्बाइन पंप. ती वाफ हायड्रोजन पेरॉक्साइडवर परमँगनेट सोडून तयार करायची. एवढा सगळा खटाटोप साधारण ६५ सेकंद चालायचा. पुढचा प्रवास फेकलेल्या दगडाचा.

इंजिन वाल्टर टील यांच्या गटाचं. २५ टनांचा रेटा देणारा एकसंध फवारा त्यांना साधेना, तेव्हा छोट्या इंजिनाचे अठरा फवारे एकाच कक्षाच्या डोक्यावर दोन वर्तुळांत बसवले. इंजिनाचा वरचा भाग म्हणूनच कमळाच्या बोंडासारखा दिसतो. कक्षाची भिंत वितळू नये म्हणून आतून अल्कोहोलचा पातळ थर सोडायचा. द्रव इंधनाच्या मोठ्या इंजिनांत हीच युक्ती पुढे कित्येक वर्षं वापरात राहिली. उड्डाणाच्या सुरुवातीला वेग कमी असताना बाहेरच्या पंखांचा उपयोग नसतो, म्हणून दिशा वळवायला ज्वाळेच्या तोंडाशीच ग्राफाइटच्या पट्ट्या लावल्या होत्या. पोलाद तिथे टिकलं नसतं.

माझं मत: पाटीवर हे इंजिन हवंच. ३ ऑक्टोबरच्या आधी जूनमध्ये आणि ऑगस्टमध्ये झालेली दोन्ही उड्डाणं फसली होती, तेही लिहा. फसत फसत जमतं, हे मुलांना कळू दे.

कोकण्या

फिटरकाका, सुरेख! एक प्रश्न. समुद्रकिनाराच का? वाळवंट का नाही?

बर्लिनकर

कोकण्या, जर्मनीत वाळवंट कुठून आणणार? :) आधीचं काम बर्लिनच्या दक्षिणेला कुमर्सडॉर्फच्या जंगलात चालायचं. ती जागा अपुरी पडायला लागली. फॉन ब्राउनच्या आईने उझेडोम सुचवलं, तिचे वडील तिकडे बदकांच्या शिकारीला जात. १९३६ मध्ये जागा घेतली आणि तिथलं मच्छीमारांचं छोटं गाव उठवलं. पूर्वेकडे पोमेरेनियाच्या किनाऱ्याला समांतर चारएकशे किलोमीटर मोकळा समुद्र. रॉकेट पाण्यावरून जाणार, पण त्याच्यावर नजर ठेवायला किनाऱ्याने मोजणीची ठाणी बसवता येत होती. पडल्या जागी पाण्यात हिरवा रंग पसरायचा, विमानातून तो डाग शोधायचे. ३ ऑक्टोबरला तो सापडला.

मी इथून ट्रेनने जाऊन आलो आहे, म्हणून थोडं सविस्तर. संग्रहालय जुन्या कोळशाच्या वीज केंद्रात आहे. केंद्र १९९० पर्यंत चालू होतं. युद्धकाळात ही वीज मुख्यतः लागायची ती द्रव ऑक्सिजन करायला. ऑक्सिजनच्या कारखान्याचा सांगाडा गावात तसाच उभा आहे: काँक्रीटची बहुमजली इमारत, खिडक्यांची नुसती भोकं, आत झाडं वाढलेली, भोवती कुंपण. रॉकेट उडायचं तो सातव्या क्रमांकाचा तळ जंगलात आहे, लंबवर्तुळाकार मातीच्या बांधाच्या आत. तो भाग बंद आहे, कारण जमिनीत अजून न फुटलेले बॉम्ब आहेत.

आणि एक गोष्ट मुलांना नक्की सांगा. उझेडोमच्या वाळूत लोक अंबर (जुन्या झाडांच्या राळेचे पिवळे खडे) शोधतात. ब्रिटिशांनी १९४३ मध्ये तळावर केलेल्या हल्ल्यातल्या बॉम्बमधलं फॉस्फरस अजून लाटांबरोबर किनाऱ्याला लागतं आणि ओलं असताना हुबेहूब अंबरासारखं पिवळसर दिसतं. खिशात टाकलं, वाळलं, की पेट घेतं. भाजून दवाखान्यात गेलेले पर्यटक आहेत. किनाऱ्यावर सूचना लिहिलेली असते की वेचलेलं खिशात ठेवू नका, धातूच्या डब्यात ठेवा.

नीलमोहर

बापरे. ऐंशी वर्षांनी?

बर्लिनकर

हो. पाण्यात असेपर्यंत त्याला काही होत नाही.

सह्यकडा

रॉकेटचा इतिहास आणि मराठी प्रदर्शन, मग आपल्या अग्निबाणांना पाटी आहे की नाही? मराठ्यांच्या फौजेत बाणदार होते. टिपूचे लोखंडी नळीचे बाण इंग्रजांनी वूलिचच्या शस्त्रागारात नेले, त्यांवरून काँग्रीव्हने आपली रॉकेटं केली.

शलाका_न

आहे, सह्यकडा! पहिलीच पाटी बाणांची आहे. काँग्रीव्हही आहे.

सह्यकडा

मग माझी तक्रार मागे. चालू द्या.

अभिजित_७७

मी पहिल्या तटातला, स्पष्टच सांगतो. फॉन ब्राउनला लहानपणापासून अवकाशात जायचं वेड होतं. पैसे फक्त लष्कराकडे होते. हुकूमशाहीत 'नाही' म्हणणाऱ्याचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मार्च १९४४ मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्यालाच अटक केली, का, तर तो शस्त्रापेक्षा अवकाशयानाच्या गोष्टी जास्त करतो म्हणून. अशा माणसाला सहावीच्या मुलांसमोर आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करून काय मिळणार? जगातलं पहिलं अवकाशात गेलेलं यान म्हणून ए-४ दाखवा आणि पुढच्या पाटीकडे जाऊ द्या.

मंजिरी_अँटवर्प

अभिजित, मी अँटवर्पमध्ये राहते, म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही. १६ डिसेंबर १९४४ ला दुपारी इथल्या रेक्स चित्रपटगृहावर एक व्ही-२ पडलं. गृह भरलेलं होतं. ५६७ माणसं गेली, निम्म्याहून जास्त सुट्टीवर आलेले दोस्तराष्ट्रांचे सैनिक, बाकी शहरातले लोक. लंडनपेक्षाही जास्त व्ही-२ या शहरावर सोडली गेली, कारण बंदर दोस्तांच्या हातात आलं होतं. आवाजाच्या कैकपट वेगाने येणारं रॉकेट आधी पडतं आणि मग त्याचा आवाज येतो. भोंगा वाजवायलाही वेळ नाही, तळघरात पळायलाही नाही. ते रेक्स मध्यवर्ती स्टेशनाजवळच्या ज्या रस्त्यावर होतं, त्या रस्त्याने मी रोज कामाला जाते.

यात अवकाशयान कुठे आलं?

विदा

अभिजित, अटकेचं खरं आहे. रॉकेट प्रकल्पाचा लष्करी प्रमुख डॉर्नबर्गर आणि शस्त्रास्त्रमंत्री श्पेअर मध्ये पडले म्हणून तो सुटला. पण बाकीच्या नोंदीही त्याच माणसाच्या आहेत. १९३७ पासून नाझी पक्षाचा सदस्य, १९४० पासून एसएसमध्ये (छळछावण्या चालवणारं नाझी दल), १९४३ मध्ये तिथे मेजरच्या बरोबरीचा हुद्दा. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याने हिटलरसमोर ए-४ ची फिल्म दाखवली आणि 'प्रोफेसर' ही पदवी मिळवली. आणि १५ ऑगस्ट १९४४ ला रॉकेटच्या भूमिगत कारखान्यातल्या झावात्स्की नावाच्या अधिकाऱ्याला लिहिलेलं त्याच्या सहीचं पत्र आहे. आपण स्वतः बुखेनवाल्डच्या छळछावणीत जाऊन कामाला योग्य असे कुशल कैदी पाहिले, असं त्यात आहे. ही अटकेनंतरची गोष्ट.

'नाही' म्हणता आलं नसतं, हे एकवेळ मानू. कैदी निवडायला स्वतः जाणं ही त्याच्या पुढची पायरी आहे.

आता तो कारखाना. ऑगस्ट १९४३ च्या बॉम्बहल्ल्यानंतर रॉकेटचं उत्पादन नॉर्डहाउझेनजवळच्या कोनश्टाइन डोंगराच्या पोटात हलवलं. २८ ऑगस्टला बुखेनवाल्डहून कैद्यांची पहिली तुकडी तिथे पोहोचली, म्हणजे हल्ल्यानंतर दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते. ते बोगदे पुरे करायचे होते. पहिले काही महिने कैदी त्याच बोगद्यांत झोपत, चार-चार मजली फळ्यांवर, शेजारी सुरुंग उडत असताना. कित्येक आठवडे उजेड नाही. शौचाला अर्धे कापलेले तेलाचे पिंप. बाहेर बराकी झाल्या त्या १९४४ मध्ये. मिटेलबाउ-डोरा छावणी आणि तिच्या उपछावण्या मिळून सुमारे ६०,००० माणसं तिथून गेली, फ्रेंच, पोलिश, रशियन आणि इतर अनेक. सुमारे २०,००० मेली. मार्च १९४५ मध्ये घातपाताच्या संशयावरून कैद्यांना बोगद्यातल्या यारीलाच लटकवून फाशी दिलं, बाकीच्यांना बघायला लावून.

आणि ब्रिटनमध्ये व्ही-२ ने मारलेल्यांची संख्या २,७०० च्या थोडी वर. बेल्जियममधले बळी मिळवूनही बेरीज डोराच्या आकड्यापर्यंत जात नाही. हे शस्त्र ज्यांच्यावर सोडलं त्यांच्यापेक्षा ज्यांच्याकडून बनवून घेतलं त्यांना जास्त भोवलं. शलाका, माझ्या मते पाटीवर एकच वाक्य मावत असेल तर ते हे.

अभिजित_७७

पत्राचं मला ठाऊक नव्हतं. पण विदा, तुम्ही सगळी जबाबदारी पेनेम्युंडेवर टाकताय. डोरा हा एसएसचा कारभार होता. किनाऱ्यावर शास्त्रज्ञ होते, डोंगरात पहारेकरी. दोन जागा, दोन पाट्या करा हवं तर.

विदा

नाही, इतकं सोपं नाही ते. छळछावणीचे कैदी पेनेम्युंडेतही होते, जून १९४३ पासून, रॉकेटच्या जुळणीच्या नव्या हॉलमध्येच. आर्टुर रुडोल्फ नावाचा तिथला इंजिनिअर त्याआधी एका विमान कारखान्यात कैद्यांना कसं राबवतात ते पाहून आला आणि ती पद्धत इथे आणावी अशी शिफारस त्याने केली. हाच रुडोल्फ पुढे डोंगरातल्या कारखान्याचा उत्पादनप्रमुख, आणि त्यानंतर अमेरिकेत सॅटर्न-५ चा प्रकल्प व्यवस्थापक. १९८० च्या दशकात चौकशी लागली तेव्हा खटला टाळण्यासाठी अमेरिकेचं नागरिकत्व सोडून तो जर्मनीत परतला. किनारा, डोंगर आणि चंद्र, तिन्हीकडे माणूस तोच. दोन पाट्या केल्या की ही कडीच तुटते.

जुना_फिटर

विदांचं पटलं. मी आयुष्य कारखान्यात काढलं. तीन पाळ्यांत हॉल चालवायचा तर कोण उभं आहे, कोण पडलंय, कोण आज आलंच नाही, हे शॉपवरच्या माणसाला दिसतंच. इंजिनिअरला फक्त नकाशा दिसत होता असं मला कोणी सांगू नये.

क्षितिज

थोडं बाजूला जातो, पण मुलांना आवडेल असं. हा तळ ब्रिटिशांना कळला कसा? नोव्हेंबर १९३९ मध्येच ओस्लोतल्या ब्रिटिश वकिलातीकडे एक निनावी पाकीट आलं होतं, त्यात पेनेम्युंडेचं नाव होतं. फारसं कोणी मनावर घेतलं नाही. मग १९४३ मध्ये पॅरिसमधली जानी रूसो ही विशीतली दुभाषी. जर्मन अधिकाऱ्यांशी गप्पा मारताना 'छे, असं कुठे असतं का!' म्हणत ती त्यांना बोलतं करायची, आणि ते फुशारकीने सगळं सांगायचे. तिचा अहवाल लंडनला ब्रिटिश गुप्तवार्ता विभागातले शास्त्रज्ञ आर. व्ही. जोन्स यांच्या टेबलावर गेला. पुढे ती पकडली गेली, रावेन्सब्र्युकच्या छावणीत गेली, तरी वाचली. आणि कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ. ब्रिटनमधल्या मेडमेनहमला बसून विमानातून काढलेले फोटो भिंगाखाली तपासायच्या. पेनेम्युंडेच्या फोटोत उतारावर ठेवलेला एक बारीकसा क्रूस त्यांनी ओळखला, ते व्ही-१, म्हणजे जर्मनांचा उडता बॉम्ब होता.

गणिताच्या_बाई

क्षितिज, या दोघींना पाटीवर घ्याच. आमच्या शाळेतल्या मुली तिथे थांबून वाचतील.

नीलमोहर

आणि तो हल्ला? विदा फक्त ओझरतं बोलले.

क्षितिज

१७-१८ ऑगस्ट १९४३ ची रात्र, चांदणं पडलेलं. ब्रिटिशांची ५९६ बॉम्बफेकी विमानं. बर्लिनवर मोजक्या मॉस्किटो विमानांनी हूल दिली, जर्मन लढाऊ विमानं बराच वेळ तिकडेच घिरट्या घालत राहिली. तरीही ४० विमानं परतली नाहीत. लक्ष्यांत कारखाना होता, प्रयोगशाळा होत्या आणि शास्त्रज्ञांची वसाहतही होती. माणसंच मारायची होती. इंजिनवाले टील त्या रात्री कुटुंबासकट गेले.

पण सुरुवातीचे खुणेचे दिवे काही किलोमीटर दक्षिणेला पडले, ट्रासेनहाइडेच्या परदेशी मजुरांच्या छावणीवर. तिथे काटेरी तारांच्या आत पोलिश, रशियन आणि इतर देशांतून आणलेले मजूर होते. त्या रात्रीच्या मृतांत सर्वाधिक तेच, पाचशेच्या वर. लक्झेंबर्गहून आणलेले मजूरही तिथे होते. तळाची माहिती बाहेर पोहोचवण्यात त्यांच्यातल्यांचा हात होता.

नीलमोहर

म्हणजे ज्यांनी सांगितलं त्यांच्यावरच.

सह्यकडा

हे वाचून सुन्न झालो.

बर्लिनकर

याच तळावरून एक सुटकाही आहे, तीही सांगतो. मिखाईल देव्याताएव, सोव्हिएत लढाऊ वैमानिक, युद्धकैदी. ८ फेब्रुवारी १९४५ ला जेवणाच्या वेळी त्याने आणि नऊ साथीदारांनी पहारेकऱ्याला मारलं, धावपट्टीवरचं हाइंकेल १११ ताब्यात घेतलं आणि उडाले. दोन इंजिनांचं हे अनोळखी विमान त्याने कधी चालवलेलं नव्हतं. सोव्हिएत रेषेपलीकडे उतरले, तर स्वतःच्याच लोकांनी आधी गोळीबार केला आणि मग वर्षानुवर्षं संशयित म्हणून वागवलं. 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब त्याला १९५७ मध्ये मिळाला.

अभिजित, तुमच्या मुद्द्यावर एक. १९९२ मध्ये पहिल्या यशस्वी उड्डाणाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा इथल्या विमान-अवकाश उद्योगाने पेनेम्युंडेत सोहळा ठरवला होता, अवकाशयुगाचा वाढदिवस म्हणून. ब्रिटनमधून एवढा विरोध झाला की तो रद्द करावा लागला. आज संग्रहालयात रॉकेट आणि छावणी एकाच इमारतीत दाखवतात. शाळेच्या सहली येतात, मुलं दोन्ही बघतात.

टिळकरोड

एक दुरुस्ती सुचवतो. 'पहिलं अवकाशात गेलेलं यान' हे ३ ऑक्टोबरच्या उड्डाणाला लागू होत नाही. ते साधारण ८४ किलोमीटरपर्यंतच गेलं होतं. १०० किलोमीटरची रेषा जून १९४४ मध्ये सरळ वर सोडलेल्या एका व्ही-२ ने ओलांडली, ते सुमारे १७५ किलोमीटरवर गेलं.

अभिजित_७७

बरोबर. तरी पाटीवर 'अवकाश' हा शब्द हवाच, एवढा माझा आग्रह आहे. नाहीतर मुलांना वाटेल की तो फक्त बॉम्बचा कारखाना होता, आणि थुंब्याच्या पाटीशी त्याचं नातंच लागणार नाही.

कोकण्या

थुंब्यावरून आठवलं. तेही मच्छीमारांचंच गाव उठवून केलेलं. पण तिथे बिशप पेरेरा यांनी गावकऱ्यांना चर्चमध्ये विचारलं, मग जागा दिली, आणि चर्चमध्येच कार्यालय थाटलं. १९६३ मध्ये नायके-अपाची उडालं ते वातावरण मोजायला. मी किनाऱ्यावरच्या गावातला, म्हणून सांगतो, कुणाला उठवलं आणि कसं विचारलं हे दोन्ही पाट्यांवर असू दे.

गणिताच्या_बाई

शलाका, वयाबद्दल. मी सहावी-सातवीला शिकवते. मुलांना क्रौर्याची वर्णनं नकोत, यारीला लटकवलेली माणसं तर नकोतच. पण अन्याय त्यांना मोठ्यांपेक्षा लवकर कळतो. 'कैद्यांकडून जबरदस्तीने करून घेतलं, २०,००० मेले' हे सरळ वाक्य ती नीट पेलतात. त्यांना पेलत नाही ते मोठ्यांचं चाचरणं. मग ती घरी जाऊन काहीतरी भलतंच शोधतात. आणि आकड्याशेजारी मोजायला सोपं काही द्या. आमच्या शाळेत हजार मुलं आहेत, अशा वीस शाळा, असं मी वर्गात सांगेन.

शलाका_न

सगळ्यांचे मनापासून आभार. आज गटाची बैठक झाली. दोन पाट्या नाहीत, एकच. हा मसुदा:

"पेनेम्युंडे, जर्मनी. १९३६ मध्ये बाल्टिक समुद्रकाठचं मच्छीमारांचं गाव उठवून जर्मन लष्कराने इथे रॉकेटचा तळ उभारला. ३ ऑक्टोबर १९४२ ला ए-४ रॉकेट ८४ किलोमीटर उंच गेलं. जून १९४४ मध्ये त्याच जातीचं रॉकेट १७५ किलोमीटरवर, अवकाशात पोहोचलं. त्याचं इंजिन अल्कोहोल आणि द्रव ऑक्सिजनवर चाले (शेजारचं चित्र पाहा). पण हे रॉकेट शस्त्र म्हणून बनवलं होतं. व्ही-२ या नावाने ते लंडन आणि अँटवर्पवर पडलं आणि हजारो माणसं मेली. डोंगरातल्या बोगद्यांत हजारो रॉकेटं छळछावणीच्या कैद्यांकडून जबरदस्तीने बनवून घेतली. त्या छावण्यांतल्या ६०,००० कैद्यांपैकी सुमारे २०,००० मेले. रॉकेट ज्यांच्यावर पडलं त्यांच्यापेक्षा ते बनवणारे जास्त मेले. तळाचे प्रमुख इंजिनिअर व्हेर्नर फॉन ब्राउन यांनी कारखान्यासाठी कैदी निवडले. युद्धानंतर अमेरिकेत त्यांनी माणसाला चंद्रावर नेणारं रॉकेट बनवलं."

जानी रूसो आणि बॅबिंग्टन स्मिथ यांची खाली वेगळी चौकट. अंबराची गोष्ट स्वयंसेवक तोंडी सांगतील.

विदा

चांगलं झालंय. एकच बदल. 'कैदी निवडले' ऐवजी 'कैदी निवडायला स्वतः छळछावणीत गेले' लिहा. पत्रात नेमकं तेवढं आहे, आणि तेवढं पुरेसं आहे.

अभिजित_७७

शेवटची दोन वाक्यं एकापाठोपाठ आली, ते बरं केलंत. मला हीच पाटी चालेल.

जुना_फिटर

चित्रात अठरा फवारे मोजता आले पाहिजेत, बाहेर बारा आणि आत सहा. मुलं मोजतात! जुन्या ड्रॉइंगवरून मी कापीव चित्र काढून देतो, रविवारपर्यंत पाठवतो. कागद कोणत्या मापाचा ते कळवा.

शलाका_न

विदा, बदल केला. काका, ए-२ मापाचा, आडवा. बर्लिनकर, ऑक्सिजन कारखान्याचा तुम्ही काढलेला फोटो मोठ्या आकारात मिळेल का?

बर्लिनकर

आज रात्री पाठवतो. कुंपणाच्या बाहेरून घेतलाय, पण चारही मजले दिसतात.

क्षितिज

आमच्या सोलापूरच्या शाळेला जानेवारीत हे प्रदर्शन नेता येईल का? नेण्याआणण्याचं आम्ही बघू.